वशिंडाचा बैल: फुकट क्लिपार्ट शोधायचं कसं आणि जपायचं कसं

बेंदराच्या आधीच्या आठवड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आल्या. पहिलीच्या वर्गात लावायला बैलांचा तक्ता हवा होता, दोन बाय तीन फुटांचा. पेन ड्राइव्हमध्ये ३१ चित्रं होती. एक बैल लाल फडक्यावर धावून जात होता, एक शेअर बाजाराच्या बातमीतून उचललेला होता, एकाच्या नाकातून वाफा निघत होत्या. वशिंड मात्र एकालाही नव्हतं. "ताई, पोरं विचारतील ना, ह्याचं वशिंड कुठंय म्हणून," बाई म्हणाल्या. खरंच होतं. ज्या पोराच्या गोठ्यात खिल्लार बांधलाय त्याला असला बैल दाखवून 'ब बैलाचा' शिकवायचं म्हणजे पोरानंच बाईंना शिकवायची वेळ.

मी कराडजवळ डीटीपीचं दुकान चालवते. त्याआधी त्याच जागेत वडिलांचा ट्रेडल प्रेस होता. तेव्हा चित्र म्हणजे ठसा: लाकडी ठोकळ्यावर मारलेला जस्ताचा पत्रा. आमच्याकडे गणपतीचे तीन ठसे होते, एक मोठा, एक मधला आणि एक सोंड झिजलेला. गावातल्या निम्म्या लग्नपत्रिकांवर तो सोंड झिजलेलाच गेला, कारण माप त्याचंच बसायचं. मग कॉम्प्युटर आला, कोरल ड्रॉच्या सीडी आल्या. त्यांच्याबरोबर क्लिपार्टचं जाडजूड पुस्तक यायचं, पानभर बारीक चित्रं. गिऱ्हाईक पुस्तक चाळून बोट ठेवायचं, मी सीडी शोधायची. वर्डमध्येही क्लिपार्टचा साठा असायचा. मायक्रोसॉफ्टनं २०१४च्या डिसेंबरात तो बंद केला आणि त्या जागी इंटरनेटवरचा शोध बसवला. तेव्हापासून चित्रं अमाप झाली आणि नेमकं हवं ते सापडेनासं झालं.

बाईंना त्या दिवशी शेजारी स्टुलावर बसवून जे दाखवलं, तेच इथं लिहिते.

आधी शब्द बदला

बाईंनी 'बुल' असं इंग्रजीत टाकून शोधलं होतं. 'बुल' म्हटलं की इंटरनेटला स्पेन आणि शेअर बाजार आठवतो. 'ऑक्स' टाकलं तर जोखड घातलेले बैल मिळतात, पण तेही परदेशी, सपाट पाठीचे. वशिंडाच्या आपल्या गुरांना इंग्रजीत वेगळं नाव आहे: झेबू. स्पेलिंग झेड, ई, बी, यू. हा एक शब्द टाकला आणि पडद्यावर वशिंडांची रांग लागली. 'खिल्लारी' असं जातीचं नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं तर लांब मागे वळलेल्या शिंगांचे फोटोही येतात.

नव्वद टक्के वेळ इथंच जातो, म्हणून जरा थांबते. फुकट क्लिपार्ट काढणारे चित्रकार बहुतेक करून बाहेरचे. त्यांच्या 'फार्मर'च्या डोक्यावर गवताची हॅट असते, त्यांच्या 'हाउस'ला धुराडं असतं आणि त्यांचा 'ड्रम' म्हणजे बँडवाल्यांचा. त्यामुळे आपल्या वस्तूचं परदेशातलं नाव काय, हे आधी शोधावं लागतं. कोयरी हवी असेल तर 'पेझली' टाका. स्पेलिंग पी, ए, आय, एस, एल, ई, वाय. पत्रिकेच्या काठासाठी याहून उपयोगी शब्द मला माहीत नाही. समईसाठी 'ब्रास ऑइल लॅम्प'. भारतीय चित्रकारांनी काढलेलं हवं असेल तर उलट करायचं: ते लोक चित्राला हिंदी नाव इंग्रजी अक्षरांत देतात. म्हणून पणतीसाठी 'दिया', सनईसाठी 'शहनाई', आणि रांगोळी, कलश, तोरण, मोदक जसेच्या तसे. मुंडावळ्या मात्र बहुधा हाती लागत नाहीत. तिथं 'मराठी वेडिंग' टाकून नवरा-नवरीचं चित्र शोधायचं. नऊवारीचंही तेच, पाचवारीतल्या बायका ढिगानं सापडतात, काष्टा घातलेली बाई शोधायला संध्याकाळ जाते. देवनागरीत शोधून पाहायला हरकत नाही, पण चित्राला नाव देणाऱ्यानं ते इंग्रजीत दिलेलं असलं तर तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही.

वस्तूच्या नावामागे एक शेपूट लावायचं. झेरॉक्सवर काढायची स्वाध्यायपत्रिका असेल तर 'आउटलाइन' किंवा 'लाइन आर्ट', म्हणजे काळ्या रेषेचं चित्र मिळतं, झेरॉक्स स्वच्छ येते आणि पोरांना रंगवताही येतं. रंगीत चित्र झेरॉक्सला दिलं की बैल काळाकुट्ट होतो. नुसती काळी आकृती हवी तर 'सिल्हूट'. फ्लेक्ससाठी 'वेक्टर'. ते का, ते पुढं सांगते.

कुठं शोधायचं

सगळे गूगलवर शोधतात, मीही शोधते. पण गूगल म्हणजे दुकान नव्हे. एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी आहे. गाडी कुठं लागलीय ते ती सांगते, गाडी तिच्या मालकीची नसते. गूगलच्या चित्रशोधात 'टूल्स' असं बटण आहे, त्यात 'युसेज राइट्स' नावाची यादी उघडते, तिथं 'क्रिएटिव्ह कॉमन्स' निवडा, म्हणजे चित्रकारानं ठरावीक अटींवर वापरायला मोकळी ठेवलेली चित्रं. दिसणाऱ्या चित्रांची संख्या धाडकन खाली येते. घाबरू नका, उरलेली चित्रं कामाची असतात. त्याच ठिकाणी 'टाइप'मध्ये क्लिपार्ट असाही पर्याय आहे. एवढं करूनही मूळ पानावर जाऊन खात्री करावीच लागते, कारण कोणीतरी दुसऱ्याचं चित्र आपलं म्हणून 'फुकट घ्या' असं लिहून टाकलेलं असू शकतं.

मी स्वतः आधी ठरावीक चार-पाच जागी जाते आणि तिथं नाही मिळालं तरच गूगलच्या खिडकीवर.

पहिली जागा ओपनक्लिपार्ट. २००४ साली इंकस्केप ह्या फुकट चित्रप्रणालीच्या लोकांनी ती सुरू केली. तिथलं प्रत्येक चित्र चित्रकारानं हक्क सोडून दिलेलं, म्हणजे छापा, बदला, विका, नाव द्यायचीही गरज नाही. खरं सांगायचं तर चित्रांचा दर्जा कमी-जास्त आहे. एखादं चित्र पाहून वाटतं, हे कुणाच्या तरी चौथीतल्या पोरानं सुट्टीत काढलंय. पण कात्री, घंटा, छत्री, बाण, चौकटी, फुलांच्या वेली, असल्या रोजच्या गोष्टींना तोड नाही. २०१९ मध्ये त्या संकेतस्थळावर हल्ला झाला आणि ते कित्येक महिने बंद होतं. नेमकी तेव्हा मला एक चौकट हवी होती, जी मी आधी दहादा वापरलेली पण कधी उतरवून ठेवलेली नव्हती. तेव्हापासून आवडलेलं चित्र त्याच दिवशी स्वतःच्या डिस्कवर, हा दुकानाचा नियम झाला.

दुसरी, विकिमीडिया कॉमन्स. विकिपीडियातली चित्रं जिथं ठेवलेली असतात ते कोठार. हेही २००४चंच. आज त्यात दहा कोटींहून अधिक फाइली आहेत, त्यामुळे शोधताना गाळणी लावावीच लागते: वर 'फाइल टाइप'मध्ये एसव्हीजी (रेषांच्या चित्रांचा प्रकार, पुढं सांगते) निवडलं की फोटो गळून रेखाचित्रं, नकाशे, झेंडे, चिन्हं उरतात. एक ध्यानात ठेवा, इथं प्रत्येक चित्राच्या अटी वेगळ्या. त्या चित्राखालीच लिहिलेल्या असतात.

कॉमन्सचा खरा खजिना माझ्या मते जुनी चित्रं. पत्रिकेवर लक्ष्मी हवी, दुकानाच्या उद्घाटनाला सरस्वती हवी, की लोक कॅलेंडरचा फोटो काढून पाठवतात. ते कॅलेंडर कुणातरी हयात चित्रकाराचं असतं. त्यापेक्षा राजा रविवर्म्यांकडं जावं. रविवर्मा १९०६ साली गेले. आपल्या कायद्यानं चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांची चित्रं केव्हाच सगळ्यांची झाली. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, आणि तिथं छापलेले देव घरोघरी भिंतीवर गेले. पुण्याहून लोणावळ्याला लोकलनं जाताना मळवली स्टेशन लागतं तेव्हा मी खिडकीतून हात जोडते. आमच्या धंद्याचं ते कुलदैवतच म्हणायचं. कॉमन्सवर त्यांची लक्ष्मी, सरस्वती मोठ्या मापात मिळतात. रंग जुने, जरा पिवळट असतात. ते तसेच ठेवा. चकचकीत करायला गेलात की परत कॅलेंडरच होतं.

तिसरी जागा, खास शिक्षकांसाठी: प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. मुलांच्या गोष्टींची पुस्तकं आहेत, मराठीतही आहेत, आणि आतली चित्रं भारतीय चित्रकारांची. तिथं साडी नेसलेली आई, डोक्यावर हंडा, रिक्षा, विहीर, एसटीसारखी बस, हे सगळं न शोधता सापडतं. अट एकच, चित्रकाराचं नाव द्यायचं. तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ, बास. बाईंना हे माहीतच नव्हतं. त्यांनी तिथं बसूनच अर्धा तास गोष्टी वाचल्या, माझं गिऱ्हाईक उभं राहिलं.

पिक्साबे सगळ्यांना माहीत आहे. शोधल्यावर वर 'वेक्टर' किंवा 'इलस्ट्रेशन' निवडा म्हणजे फोटो जातात. तिथं फसगत होते ती वरच्या ओळीत: पहिली काही चित्रं जाहिरातीची, दुसऱ्या विकत-चित्रांच्या कंपनीची असतात. त्यावर क्लिक केलं की आडवा शिक्का मारलेलं चित्र समोर येतं आणि लोक म्हणतात पिक्साबेनं पैसे मागितले. खाली सरका. पिक्साबेची चित्रं २०१९ पासून त्यांच्या स्वतःच्या परवान्याखाली आहेत: नाव द्यायची सक्ती नाही, धंद्यात वापरा, पण चित्र जसंच्या तसं मगवर किंवा पोस्टरवर छापून विकायचं नाही. आपली काही भर घालून रचना करायची.

फ्रीपिकवर भारतीय सणांची चित्रं भरपूर, दिवाळी-गणपतीला तर पूर आलेला असतो. मुकुटाचं चिन्ह असलेलं विकतचं, नसलेलं फुकट, पण फुकट वापरायचं तर त्यांचं नाव देणं बंधनकारक. लग्नपत्रिकेच्या खाली 'चित्र: अमुक संकेतस्थळ' लिहायला कुठला यजमान तयार होणार? म्हणून पत्रिकेसाठी मी तिथं जात नाही. मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेला जाते, तिथं आधीच प्रायोजकांची इतकी नावं असतात की एक वाढलं तर कुणाला कळतही नाही.

अनेक ठिकाणी एकदम शोधायचं असेल तर ओपनव्हर्स वापरा. पूर्वी ते क्रिएटिव्ह कॉमन्सवाल्यांचं शोधयंत्र होतं, २०२१ पासून वर्डप्रेसच्या लोकांकडं आहे. चित्राखाली श्रेय कसं लिहायचं ती ओळही ते तयार करून देतं. ती नुसती चिकटवायची.

फुकट म्हणजे नेमकं काय

चार अक्षरं ओळखता आली की पुरे. 'सीसी झिरो' किंवा 'पब्लिक डोमेन' म्हणजे मोकळं रान. 'बीवाय' म्हणजे नाव द्या. 'एसए' म्हणजे तुम्ही चित्रात बदल करून नवं केलंत तर तेही त्याच अटीवर इतरांना मोकळं ठेवा. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नाही, आणि 'एनडी' म्हणजे बदल करू नका. मी गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन काम करते, म्हणून 'एनसी' दिसलं की मी ते पान बंद करते. बाईंनी वर्गात लावायला घेतलं तर त्यांची गोष्ट वेगळी. शिकवताना शिक्षकानं वापरण्याला १९५७च्या कॉपीराइट कायद्यातच सवलत आहे. पण तोच तक्ता दुसऱ्या वीस शाळांना छापून विकायला निघालं तर ती सवलत बरोबर येत नाही.

हे सगळं मी इतक्या निगुतीनं सांगते त्यामागं एक चटका आहे. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या संकेतस्थळासाठी मी शेतकऱ्याचा एक हसरा फोटो गूगलवरून सरळ उचलला. दीड वर्षानं संस्थेला एका परदेशी फोटो कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं, रकमेसकट. मॅनेजरसाहेब ते छापून घेऊन दुकानात आले. मिटवामिटवीत माझ्या खिशातून जे गेलं त्यात त्या वर्षीचा दिवाळीचा हंगाम गेला. तो शेतकरी कुठल्या पानावरून घेतला होता, तेही मला सांगता आलं नाही. लाज त्याची जास्त वाटली.

आणखी एक, जे चित्राच्या परवान्यात लिहिलेलं नसतं. अशोकस्तंभाचं सुरेख रेखाचित्र फुकट मिळतं, म्हणून ते कुणाच्याही व्हिजिटिंग कार्डावर लावता येत नाही; राजमुद्रेसाठी २००५चा वेगळा कायदा आहे. तसंच १९५०च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्यातल्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची चित्रंही आहेत. शिवजयंतीचा फ्लेक्स ही वेगळी गोष्ट. पण सळई-सिमेंटच्या जाहिरातीत महाराजांचं चित्र टाका म्हणून कुणी आलं तर मी नाही म्हणते. कायदा दाखवला की लोक ऐकतात, नाहीतर म्हणतात ताईला काम नकोय.

आता सेव्ह करायचं

इथं सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या छापल्यावरच दिसतात.

शोधाच्या पानावर दिसणारं चित्र म्हणजे चित्र नव्हे, त्याची चिमणी, म्हणजे छोटी नक्कल. त्यावर राइट क्लिक करून 'सेव्ह इमेज' केलं की चिमणीच उतरते. बाईंच्या पेन ड्राइव्हवरची बहुतेक चित्रं २३६ ठिपके (पिक्सेल) रुंदीची होती. हे पिंटरेस्टच्या चिमणीचं माप, इतक्या वेळा पाहिलंय की आकडा दिसताच ओळखते. चित्रावर क्लिक करून मूळ संकेतस्थळाच्या पानावर जा, तिथलं 'डाउनलोड' बटण शोधा, मोठ्यात मोठं माप निवडा. कॉमन्सवर तर पानावर दिसणारं चित्रही मूळ नसतं, फक्त नमुना असतो. त्याच्याखाली 'ओरिजिनल फाइल' अशी ओळ असते तिच्यावर जायचं.

किती मोठं लागतं? हिशोब सोपा आहे. कागदावर छापायचं असेल तर एका इंचाला ३०० ठिपके. पत्रिकेवर दोन इंचांचा गणपती हवा तर ६०० ठिपके रुंदी. बाईंचा २३६ ठिपक्यांचा बैल पत्रिकेवर पाऊण इंचाचाच नीट आला असता. फ्लेक्स लांबून पाहतात, तिथं इंचाला १०० धरले तरी चालतं. म्हणजे तक्त्यात एक फूट रुंद बैल हवा तर १,२०० ठिपके. तोच २३६चा बैल तीन फुटांवर ताणला तर इंचाला साडेसहा ठिपके पडतात. बैल राहत नाही, जिना होतो. मी हे बाईंना कागदावर मांडून दाखवलं, त्यांनी लगेच ते उद्याच्या गणिताच्या तासाला वापरायचं ठरवलं.

ह्या हिशोबातून सुटायचं असेल तर एसव्हीजी घ्या. जेपीजी, पीएनजी ही ठिपक्यांची चित्रं. एसव्हीजीमध्ये ठिपके नसतातच. ही रेषा इथून तिथं, हा आकार, हा रंग, अशी सूचनांची यादी असते. त्यामुळे बोटाएवढं छापा नाहीतर भिंतीएवढं, कड धारदारच. 'वेक्टर' शब्द शेपटाला लावा म्हणाले ते ह्यासाठी. कोरलमध्ये 'इम्पोर्ट' करता येतं. कोरल नसेल तर इंकस्केप फुकट आहे. चित्र फक्त ठिपक्यांचं मिळालं आणि ते साधं काळं-पांढरं असेल, तर इंकस्केपमध्ये 'ट्रेस बिटमॅप' आहे, ते रेषा काढून देतं. रविवर्म्यांवर मात्र हा प्रयोग करू नका. मी केलाय. लक्ष्मी गोधडीसारखी दिसते.

पीएनजी घ्यायची ती पारदर्शक पार्श्वभूमीसाठी, म्हणजे रंगीत कागदावर चित्राभोवती पांढरा डबा दिसत नाही. पण खोट्या पीएनजींचा सुळसुळाट आहे. बुद्धिबळाच्या पटासारखे करडे-पांढरे चौकोन हे पारदर्शकतेचं चिन्ह. काही संकेतस्थळांवर ते चौकोनच चित्रात रंगवलेले असतात. उतरवल्यावर कोरलमध्ये रंगीत चौकटीवर ठेवून बघा. चौकोन गेले नाहीत तर फाइल टाकून द्या. माझ्याकडं कामाला असलेल्या मुलीनं एकदा तसाच कलश लावून बारशाच्या पत्रिकेचं प्रूफ काढलं. यजमान म्हणाले, "मागचं चौकड्यांचं डिझाइन छान आहे, राहू द्या."

हल्ली आणखी एक दुखणं: चित्र 'वेबपी' नावाच्या प्रकारात उतरतं आणि जुनं कोरल ते उघडतच नाही. नुसतं नाव बदलून शेवटी पीएनजी लिहिल्यानं काही होत नाही, बाटलीवरचं लेबल बदलल्यासारखं ते. गिंप ह्या फुकट चित्रप्रणालीत उघडा आणि 'एक्सपोर्ट'मधून पीएनजी करा, पारदर्शकता टिकते. त्याआधी मूळ पानावर खरं डाउनलोड बटण आहे का ते पुन्हा पाहा. बऱ्याचदा तिथून थेट पीएनजी किंवा एसव्हीजी मिळते.

खरं बटण म्हणाले कारण खोटीही असतात. मोठं हिरवं, लुकलुकणारं, 'डाउनलोड नाऊ' लिहिलेलं बटण बहुधा जाहिरात असते. खरं बटण बारीक, लाजरं असतं, शेजारी मापं लिहिलेली असतात. उतरलेल्या फाइलच्या शेवटी पीएनजी, जेपीजी, एसव्हीजी, ईपीएस किंवा झिप असेल तर ठीक. ईएक्सई किंवा एपीके असेल तर ते चित्र नाही, चोर आहे. उघडू नका, पुसून टाका. विंडोजमध्ये नावाची ही शेपटी लपवलेली असते. फोल्डरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा, मगच ती दिसते.

मोबाइलवरून करणाऱ्यांसाठी: चित्र दाबून धरून उतरवता येतं, पण तेही मूळ पानावर जाऊनच. आणि दुकानाला पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते पिळून पाठवतं. क्लिपच्या चिन्हावर जाऊन 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. हे वाक्य मी दुकानात मोठ्या अक्षरात छापून लावलंय, तरी रोज चार जण फोटोच पाठवतात.

नाव आणि वही

फाइल उतरली की तिचं नाव 'इमेज ४७' किंवा आकड्यांची माळ असतं. तिथल्या तिथं बदला. मी चार गोष्टी नावात घालते: वस्तू, प्रकार, कुठून, परवाना. उदाहरणार्थ 'बैल-रेषा-ओपनक्लिपार्ट-सीसीझिरो'. लिहिते मात्र इंग्रजी अक्षरांत, कारण आमच्या फ्लेक्सवाल्याच्या जुन्या मशीनवर देवनागरी नावाच्या जागी नुसते चौकोन उमटतात. फोल्डर विषयाप्रमाणे: देव, लग्न, प्राणी, शेती, शाळा, काठ-चौकटी. 'नवीन', 'नवीन २' आणि 'नवीन फायनल' असे फोल्डर करू नका, त्यात गेलेलं चित्र परत येत नाही.

त्या पतसंस्थेच्या प्रकरणानंतर मी एक लाँगबुक घातलंय. डावीकडं फाइलचं नाव, मग चित्रकाराचं नाव, पानाचा पत्ता, परवाना, उतरवल्याची तारीख, आणि शेवटी कुठल्या कामात वापरलं. शिवाय परवाना दिसेल असा त्या पानाचा स्क्रीनशॉट चित्राशेजारीच ठेवते. संकेतस्थळं अटी बदलतात, पिक्साबेनंच बदलल्या. आपण घेतलं तेव्हा काय लिहिलं होतं, याचा कागद आपल्याकडं असावा. मुलगी सुरुवातीला हसायची, कॉम्प्युटरच्या जमान्यात वही कशाला म्हणून. आता तीच विचारते, ताई, वहीत घातलं का.

गणपतीसाठी वेगळं दोन ओळींत सांगते, कारण हे कुठल्याच इंग्रजी माहितीत मिळणार नाही. जागेत बसत नाही म्हणून गणपती आडवा उलटवू नका. डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा होतो आणि पत्रिका वाटून झाल्यावर कुणीतरी आजी ते ओळखते. ॐ, स्वस्तिक, घड्याळ हेही उलटवू नयेत. आणि सध्या यंत्रानं बनवलेली चित्रं सगळीकडं शिरलीत, तेव्हा सेव्ह करण्याआधी हात मोजा, बोटं मोजा, मोदक नेमका कुठल्या हातात आहे ते बघा. परवा एक गणपती आला होता, दिसायला झकास, पण एक हात कोपरापासून पुढं थेट उंदरात शिरलेला.

बाईंच्या तक्त्यासाठी शेवटी दोन गोष्टी घेतल्या. कॉमन्सवरचा एका खिल्लार बैलाचा फोटो, 'बीवाय-एसए'चा, म्हणून खाली कोपऱ्यात छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना. आणि मध्यभागी एक मोठा, साध्या रेषांचा झेबू, एसव्हीजीमधला, कुणाचंही नाव द्यायची गरज नसलेला. वशिंड एवढं ठळक की वर्गाच्या दारातून दिसावं. बेंदराच्या आदल्या दिवशी सकाळी प्रिंट दिली.

दुपारच्या सुट्टीत बाईंचा फोन. "ताई, पोरं म्हणतात, उद्या बेंदूर आणि ह्याची शिंगं रंगवलेली का नाहीत? झूल कुठंय?"

फोन चालू असतानाच फाइल उघडली. एसव्हीजी होती, शिंगं वेगळी निवडता आली, हिंगुळाचा लाल रंग भरायला अर्धा मिनिट लागला. झुलीसाठी ओपनक्लिपार्टवरची कोयऱ्यांची एक नक्षी पाठीवर बसवली आणि गळ्यात घंटा अडकवली. संध्याकाळी बाई नवी प्रिंट घेऊन गेल्या. लाँगबुकात दोन ओळी वाढल्या, नक्षीची एक आणि घंटेची एक.